डावीकडून चौथा

बार्शीत विसरलेले पासवर्ड मंगळवारी अकरा ते एक या वेळेत कचेरीतून परत मिळतात. संगणकात साठवलेले पासवर्ड तिथे बाहेर काढून बाकावर बसवतात; ज्याचा त्याने ओळखून न्यायचा.

चिंचेचे व्यापारी मल्लिनाथ शेटे साडेदहालाच दारात येरझाऱ्या घालत होते. लेक शैलजा तीन वर्षं बोलत नव्हती. तिची मेल आली होती, पण पासवर्ड इतकी वर्षं संगणकच लक्षात ठेवायचा, म्हणून शेठ तो विसरले होते, आणि आता संगणक तोच मागत होता. आज दुपारी दोनला मेल आपोआप पुसली जाणार होती.

"बसा की जरा. फरशी झिजवून पासवर्ड लवकर येतो होय?" बायको महानंदा म्हणाली.

साडेबाराला त्यांना आत बोलावलं. बाकावर पाच पासवर्ड होते, सगळे काळे ठिपके पांघरलेले. आपला कोणता ते शेठना लगेच कळलं. डावीकडून चौथा, सारखा पाय हलवत बसलेला.

पण तीस वर्षं बाजारात काढलेला माणूस. माल आवडला असं दाखवलं की भाव चढतो. त्यांनी नाक मुरडलं. "हा जरा जुनाट वाटतो. दुसरे दाखवा."

"नाकारला," असं म्हणत कारकूनबाईंनी वहीत लिहिलं.

"अहो बाई, ती बोलायची पद्धत असते!"

"असेल. आता तो राजीखुशीने आला तरच. विचारा त्याला."

"सात वर्षं दार राखलं तुमचं," चौथा म्हणाला. "जुनाट?"

"बरं, काय घेशील?"

महानंदाने कोपर मारलं. "लेकीच्या वेळीही हेच! पोरगा मनातून पसंत, आणि तोंडाने 'अजून दोन स्थळं बघू'. गेली ना निघून त्याच्याबरोबर?"

शेठनी घड्याळ पाहिलं. एकला पाच कमी. "तू पसंत आहेस," ते भर कचेरीत म्हणाले. त्यांना एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं.

स्कूटरवर पासवर्ड दोघांच्या मधे बसला. दुकानात त्याने मेल उघडून दिली. एकच ओळ होती: "बाबा, अनिकेत तुम्हाला तेव्हा आवडला होता का?"

शेठनी "बरा होता" लिहिलं, खोडलं. "तसा ठीक" लिहिलं, खोडलं. दोनला चार मिनिटं असताना "हो, फार" लिहून पाठवलं.

"रोज एकदा हाक मारत जा," संगणकात परत शिरता शिरता पासवर्ड म्हणाला. "तेवढ्यावर भागतं माझं."

मागणी रास्त होती. शेठनी घासाघीस केली नाही.