गंगावणे काकांचा दहाचा फोन

गंगावणे काकांना वेळ सांगायला जाऊ नये. मी एकदा चुकून म्हटलं, "जय भीम काका, सव्वानऊ झाले."

"जय भीम. टायम कुणाकडनं घेतला?"

मोबाईलकडनं, म्हटलं. मग मोबाईलनं कुणाकडनं, टॉवरनं कुणाकडनं, अशी चौकशी थेट उपग्रहापर्यंत गेली, तेव्हा कुठं माझे सव्वानऊ मंजूर झाले. तोवर साडेनऊ वाजले होते.

काका कर्जतच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होते. त्यांचं म्हणणं, अख्ख्या जाळ्यात धनी घड्याळ एकच, बाकीच्यांनी त्याच्या ठोक्याला ठोका द्यायचा. कर्जत तो ठोका नगरकडून घ्यायचं. दोन घड्याळांत केसाएवढा फरक पडला तरी बोलण्यातला एखादा कण गळतो आणि लाईनवर टिक्क वाजतं. त्या टिक्कची त्यांना इतकी चीड, की निवृत्त झाल्यावर गावातली घड्याळं ताब्यात घेतली. शाळा, गिरणी, सलून. कोण किती पुढं, कोण किती मागं, सगळं वहीत.

मी पत्रकं लिहिते. आमच्या गावातलं रेशन दुकान बाराला बंद व्हायचं, पण दुकानदाराच्या घड्याळात बारा वाजायचे ते वीस मिनिटं आधीच. खुरपून आलेल्या बायका रिकाम्या पिशव्या घेऊन परत. याला चोरी म्हणतात, दुसरा शब्द नाही. मी चार पानी पत्रक लिहून काकांना दाखवलं. त्यांनी कात्री आणली.

"लई लांब हाय. मदी कुटं आडकलं तर समदंच आडकतंय."

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एक्स्चेंजला फोन जोडणारे नवे स्विच आले होते. त्यात आवाज असो, चित्र असो, सगळ्याचे त्रेपन्न घरांचे, म्हणजे बाइटांचे, सारखे तुकडे पाडायचे. पहिली पाच घरं पत्त्याला. कितीही गर्दी असली तरी स्विचनं माथ्यावरचा पत्ता वाचायचा आणि तुकडा पुढं ढकलायचा. माझ्या पत्रकाचेही तसेच तुकडे झाले. व्यवस्थेवरचा सव्वा पान संताप एका चिठ्ठीत मावेना म्हणून गळाला. 'सरूबाई, दुकानाचं घड्याळ वीस मिनिटं पुढं हाय', 'तहसीलदारसाहेब, एकदा येऊन बघा', अशा चिठ्ठ्या गावभर गेल्या. मला राग आला. लोकांनी त्या वाचल्या, याचा जास्त आला. तहसीलमध्ये चौकशी लागली: कर्जतला, शुक्रवारी सकाळी दहाला.

पुरावा काय, तर काकांची वही; दुकानाच्या घड्याळाचीही रोजची नोंद तिच्यात होती. आणि ती उलगडून सांगायला काकाच हवेत.

"दहाला जमायचं न्हाई. माझा फोन असतो."

मी भरपूर बोलले. फोन काय, कर्जतहूनही होतो. बायकांचं धान्य मोठं की तुमचा फोन? ते एवढंच म्हणाले, की तिथल्या गलबल्यात समोरच्याला त्यांचा आवाज सापडायचा नाही. समोरचा कोण, ते सांगेनात. गुरुवारी दहाला पाच कमी असताना मी त्यांच्या घरी धडकले, भांडायच्या तयारीनं. काकांनी बोटानं खुर्ची दाखवली, ठोक्याला नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"पठाणसाहेब. मी कर्जतचा गंगावणे."

थांबले.

"पठाणसाहेब. आज गुरुवार."

पुन्हा थांबले.

"पठाणसाहेब. दहा वाजले. चहा घ्या."

पलीकडून नुसता श्वास. काका फोनवर हात आडवा धरून मला हळूच सांगू लागले. पठाणसाहेब नगरच्या एक्स्चेंजला होते. पंचवीस वर्षं रोज दहाला ते कर्जतला फोन करून ठोका तपासायचे. आता संगमनेरला मुलाकडं असतात. वार, जागा, माणसं, सगळं निसटत चाललंय. लांब वाक्य पोचत नाही.

"ह्यो फोन झाला की दिसभर जाग्यावर ऱ्हात्यात. चुकला की सुनंला इचारत बसत्यात, मी कुटं हाय."

मी पडवीत गेले आणि तहसीलला फोन लावला. चौकशी अकराला घ्यावी, अशी विनंती केली. 'विनंती' हा शब्द माझ्या एकाही पत्रकात नाही. कारकून म्हणाला, बरं, अकराला या.

आत आले तर काका अजून तसेच, कान देऊन. मग फोनमधून आवाज आला. म्हातारा, पण साहेबाचा.

"गंगावणे. टायम कुणाकडनं घेतला?"

काका खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले.

"तुमच्याकडनंच, साहेब."