तुलाची बंदूक

देवदत्त पीटरबरोला सेकंडहँड स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ हटवायचं यंत्र, आणायला गेला होता. येताना बंदूक घेऊन आला.

“हे काय आहे?” सुमेधाने त्याला दारातच अडवलं.

“अँटिक आहे. रशियन लष्कराची. स्नो ब्लोअर विकणाऱ्या बाईंच्या आजेसासऱ्यांची. चालत नाही गं, नुसती शोभेची. आणि तो ब्लोअर आपल्या गाडीत मावतच नव्हता.”

कॅनडातल्या मार्कहॅमच्या त्या घरात आजवर आलेलं सर्वात धोकादायक हत्यार म्हणजे पुरणयंत्र. बंदूक कॉफी टेबलवर आडवी ठेवली, तर दोन्हीकडून बाहेर आली. काळीकुट्ट, गंजलेली, आणि उभी केली की लेकीच्या, ऊर्मीच्या, खांद्याला लागणारी.

संध्याकाळी मागच्या गल्लीतला जयदीप चहाला आला. त्याने शिकारीच्या लायसन्सचा कोर्स केला होता. परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता, पण त्याचा त्याच्या आत्मविश्वासावर काही परिणाम झालेला नव्हता.

“मोसिन आहे ही,” चहाला हात न लावता तो म्हणाला. “महायुद्धातली. लायसन्स कुठंय तुझं?”

“शोभेच्या वस्तूला कसलं लायसन्स?”

“घरात ठेवलीस तर गुन्हा. गाडीत घालून परत नेलीस तर तोही गुन्हा. तुमची सिटिझनशिपची शपथ कधी आहे रे?”

“गुरुवारी,” सुमेधा खाली बसत म्हणाली.

“मग कठीण आहे,” असं म्हणून जयदीपने निवांतपणे चहा प्यायला.

त्यानंतर देवदत्तला बूड टेकवता येईना. बंदूक आधी बेसमेंटमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी घर गरम ठेवणारा फर्नेस तपासायला माणूस येणार होता, म्हणून ती विंटर जॅकेटांच्या मागे गेली. तिथे कपाटाचं दार लागेना, म्हणून पलंगाखाली. ऑफिसच्या मीटिंगमध्ये तो कॅमेरा बंद करून येरझाऱ्या घालायचा. गल्लीतून पोलिसांची गाडी गेली की खिडकीपासून लांब व्हायचा आणि गेली का ते बघायला पुन्हा खिडकीशी यायचा.

“डॅड, जस्ट आस्क समवन,” ऊर्मी म्हणाली. ती इथेच जन्मलेली, जन्मापासूनच कॅनडियन, त्यामुळे शांत होती. तिने जुन्या बंदुकांच्या संग्राहकांच्या एका ग्रुपवर फोटो टाकला. लगेच उत्तर आलं, कॅनडियन रीतीप्रमाणे सॉरीपासून सुरू होणारं: सॉरी, गोळी भरायच्या बोल्टजवळचा शिक्का दाखवा, त्याशिवाय काही सांगता येणार नाही.

शिक्का गंजाखाली होता. सुमेधाने पदर नव्हता म्हणून हुडीच्या बाह्या खोचल्या. चिंच, मीठ आणि तारेची घासणी घेऊन ती बेसमेंटच्या वॉशरूममध्ये बसली. शिक्का दिसला, पण तेवढाच भाग लख्ख आणि बाकी काळं हे तिला बघवेना. तिने नळीपासून दस्त्यापर्यंत अख्खी बंदूक समईसारखी घासून काढली.

ऊर्मीने फोनवर रशियन अक्षरं लावली. “इट सेज तुला.”

“मला काय?” सुमेधाने विचारलं.

“तुला! इट्स अ रशियन सिटी, मॉम. एटीन सेव्हंटी-नाइन.”

तिने ते ग्रुपवर लिहिलं, आणि थोड्या वेळात उत्तरं आली. मोसिन नाहीच ही, बर्दान. एका वेळी एकच गोळी, मोठ्या तोंडाची नळी, एवढी जुनी. कायद्याने अँटिक. लायसन्स लागत नाही.

देवदत्तने सुमेधाला मिठी मारली. मग त्याने ऊर्मीला हळूच विचारायला लावलं, “किंमत किती येईल म्हणावं?”

पहिला, गंजलेला फोटो बघून एकाने तीन-चार हजार डॉलर लिहिले. ऊर्मीने नवा फोटो टाकला.  मग एकाने विचारलं, हीच ती बंदूक आहे का? दुसऱ्याने लिहिलं, तो जुना काळा रंगच तर मोलाचा होता, हे कोणी केलं? तिसऱ्याने नुसता रडका चेहरा पाठवला.

“म्हणजे मी घासली म्हणून किंमत गेली?” सुमेधाचा आवाज चढला. “तुरुंगात गेला असतास तेव्हा किती आली असती? आता एवढी घासलीय ना, लाव भिंतीवर!”

देवदत्तने निमूटपणे ती सोफ्याच्या वर टांगली.

गुरुवारी ऑनलाइन शपथविधी होता. वाय-फाय सोफ्यावरच चांगलं यायचं. दोघं नटूनथटून बसले. शपथेआधी पीआर कार्डं, म्हणजे कायम रहिवासाची जुनी ओळखपत्रं, तपासायला एक अधिकारी बाई स्क्रीनवर आल्या. त्यांनी डोळे बारीक केले.

“सर, व्हॉट इज दॅट बिहाइंड यू?”

देवदत्त ताडकन उभा राहिला. “मॅडम, इट इज अँटिक! एटीन सेव्हंटी-नाइन! सिंगल शॉट! नो लायसन्स रिक्वायर्ड! आय डिड नॉट हाइड इट अंडर द बेड!”

 बाई म्हणाल्या, “सर, मला वाटलं पडद्याचा रॉड आहे. त्यावरून उजेड चकाकतोय, तुमचा चेहरा दिसत नाहीये, एवढंच. पण आता मला सुपरवायझरना विचारावं लागेल.”

स्क्रीन रिकामी झाली. सुमेधा देवदत्तकडे बघत नव्हती. तो बसला, उठला, पुन्हा बसला.

शेवटी सुपरवायझर आले. त्यांनी वाकून, मान तिरपी करून बंदूक पाहिली. “बर्दान,” ते म्हणाले. “नो प्रॉब्लेम. जुनी कार्डं कात्रीने कापा, आता ती लागणार नाहीत. पण सर, विचारल्याशिवाय काही सांगू नका.”

कार्डं कापली गेली. शपथ झाली. राष्ट्रगीत झालं. लॅपटॉप मिटल्यावर सुमेधा त्याच्याकडे वळली.

ती तोंड उघडणार, एवढ्यात देवदत्त म्हणाला, “सॉरी.”

लग्नानंतर हा शब्द त्याच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकला. माणूस खरोखरच कॅनडियन झाला, याची तिला खात्री पटली.