भिंती हुंगणारे दामूमास्तर

आमचे शेजारी दामूमास्तर कोणाच्या घरात शिरले की आधी रामराम करत नाहीत, आधी भिंतीला नाक लावतात. डोळे मिटतात, लांब श्वास घेतात, मग घरमालकाकडे वळतात. "भाऊ, बुरशी आहे. त्या कोपऱ्यात. रामराम."

मी शिकलेला माणूस नाही, केळीच्या मळ्यात जन्म गेला. जसं आहे तसं सांगतो. मास्तर शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. शाळेनं घरी बसवलं तेव्हापासून आमची गल्ली हाच त्यांचा वर्ग. खांद्याला पिशवी, पिशवीत उसाचा रस आंबवून केलेल्या सिरक्याची बाटली, चिंध्या आणि लिंबाच्या फोडी. उरलेल्या फोडी स्वतःच चोखतात, म्हणून तोंड सदा आंबट.

"सिरका पाण्यात पातळ करा, लावा, जरा सबर करा, मग पुसा. आम्ल सौम्य पाहिजे, हात हलका पाहिजे." हात हलका, हे त्यांचं पालुपद. पोळ्या लाटणाऱ्या बाईला सांगतात, दाढी करणाऱ्या न्हाव्यालाही सांगतात.

सध्या ओट्यावर एकच विषय. भाषेवार राज्यं नव्यानं जोडताहेत, सरहद्द कुठून जाणार, आपलं बुऱ्हाणपूर कोणाकडे? परवा दोघं हातघाईवर आले. मास्तर मधे घुसून म्हणाले, "कोणाकडेही जाऊ द्या. तापी इथंच राहणार, ओल इथंच राहणार." दोघांनी मिळून मास्तरांना हाकललं. तेवढ्यापुरती एकी झाली.

एकदा शेजारच्या शांताबाईंनी दुप्पट काम होईल म्हणून सिरक्यात विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर कालवली. घरात असा वायू उठला की श्वास घेता येईना. मास्तरांनी त्यांना हाताला धरून गल्लीत आणलं आणि सगळ्यांदेखत बोंब मारली, "या दोघांची सोयरीक कधीच जमवायची नाही!"

आता माझ्या घरचं. माझी वच्छी या उन्हाळ्यात गेली. नवरी होऊन आली तेव्हा दाराशेजारच्या भिंतीवर तिनं हळदीच्या हातांचे दोन थापे उमटवले होते. ओल्या चुन्यानं हळद लाल झाली ती तशीच राहिली. दर दिवाळीला चुना देताना ती तेवढी जागा सोडायची. मी म्हणायचो, ठिगळ दिसतं. यंदा पाऊस लागला आणि काळी बुरशी चढत चढत तिच्या बोटांपाशी आली.

मास्तर आले, नाक लावायला वाकले आणि अर्ध्यातच थांबले.

"काढा," मी म्हणालो. "पण थापे गेले तर तुमची बाटली तापीत आणि मागोमाग तुम्ही."

"सिरका चुना खातो, भाऊ. थाप्यावर थेंब पडला तर फसफसेल. लालाचं पिवळं होईल, आणि पुसाल तर चुन्यासकट हात निघून येईल."

"मग?"

"बुरशी हातावर चढली नाही अजून. भोवतालची काढतो."

काडीला कापूस गुंडाळला, सिरक्यात बुडवून पिळून घेतला, आणि एकेका बोटाच्या कडेनं फिरवत राहिले. लगेच कोरड्या चिंधीनं टिपायचं. सारी दुपार त्यातच गेली. शेवटी पेपरची घडी करून भिंतीला वारा घालत बसले, ताप चढलेल्याला घालावा तसा. थापे जागच्या जागी होते.

"मास्तर, एवढं बारीक काम शाळेत शिकवायचात?"

"आमच्या घरची दाराजवळची भिंत पाहिली ना तुम्ही? एकदम स्वच्छ."

पाहिली होती. पांढरी, कोरी.

"तिथंही होते थापे. आमची ही गेली, त्याच पावसाळ्यात बुरशी आली. मी घासली," मास्तर पिशवी आवरत म्हणाले. "तेव्हा हात जड होता."

त्यानंतर ते माझ्याकडे फिरकले नाहीत. बुरशी गेली, कामच उरलं नाही. गल्लीतली बाकीची घरं हुंगत हिंडायचे, माझ्या दारावरून खाली मान घालून जायचे. आज मीच गेलो त्यांच्याकडे.

"मास्तर, वास येतोय."

लगबगीनं आले, नाक लावलं. "काही नाही भाऊ, बिलकुल नाही."

"नीट घ्या. बसून घ्या. चहा टाकलाय."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, थाप्यांकडे पाहिलं. परत नाक लावलं, बराच वेळ.

"येतो आहे," म्हणाले. "थोडासा. रोज येऊन पाहावं लागेल."