न दाबलेलं बटन

बंद पडलेला कंप्युटर उघडण्याआधी शिवराजअण्णा त्याच्या डब्यावर टकटक करतात आणि कन्नडमधून विचारतात, "ओळग यार अदीरी?" आत कोण आहे? मग कान लावून थांबतात. तेवढ्यात गिऱ्हाईक एक पाऊल मागं सरतं. एकदा उत्तरादाखल आतून पाल आली होती, तेव्हापासून आमच्या मंठाळ गावात त्यांना कुणी हसत नाही. मी हसतो. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दुकानाला लागूनच आहे, मला हे रोज ऐकावं लागतं.

'मेलाय' हा शब्द त्यांच्याकडं चालत नाही. "मेलाय म्हणू नको रे, ऐकायलाय ते!" असं दटावून ते दिवा बंद करतात आणि अंधारात आतला बारीक हिरवा ठिपका शोधतात. ठिपका दिसला, म्हणजे जीव आहे. एका आडतवाल्यानं दर सोमवारी पूजा करून थेट बटनालाच विभूती फासली होती. बटन गच्च बसलं, मशीन चालू होईना. अण्णांनी टोकरून चिमूटभर विभूती काढली, आधी स्वतःच्या कपाळाला लावली आणि म्हणाले, "देव आत बसलाय म्हणून करंट भाईर थांबलाय. दोघांला एकच दार कसं पुरंल?"

असा हा माणूस परवा संध्याकाळी माझ्याकडं आला. चेहरा उतरलेला.

"घरचा कंप्युटर चालू होईना रे. तू बघतोस का?"

"डॉक्टरच कंपाउंडरकडं आला व्हय?" मी म्हणालो. ते हसले नाहीत.

त्यांची बायको महानंदाअक्का घरी बसून गावाचे ऑनलाइन अर्ज भरायची. आमच्याकडं लाईट कधी जाईल, कधी येईल, नेम नाही. म्हणून अक्कानं सेटिंगच तशी करून ठेवली होती: लाईट आली की कंप्युटर आपला आपण सुरू. स्वयंपाकघरात पंख्याची घरघर ऐकू आली की ती हात धुवून यायची. अक्का गेली, पण मशीनला कोण सांगणार? रिकाम्या घरात लाईट यायची, अंधाऱ्या खोलीत घरघर सुरू व्हायची, कंप्युटरचा पडदा उजळायचा. त्या खिडकीखालून जाताना बाया पाय उचलायच्या. अण्णा मात्र घरी आले की आधी त्या खोलीत डोकवायचे.

मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. खोलीत अक्काची खुर्ची टेबलाला लावलेली होती. मी बटन दाबलं. मशीन मुकाट सुरू झालं. पडद्यावर कुठल्या तरी जुन्या वर्षाची तारीख होती.

"अण्णा, हे तर चालू आहे की! बटन दाबून बघितला न्हाईत?"

"न्हाई."

"कामून?"

"ती कधी बटन दाबली न्हाई. मी कामून दाबू?"

आतला बारका सेल संपला होता. त्यामुळं मशीन तारीख विसरलं आणि अक्काची सेटिंगही विसरलं. हे अण्णांना माझ्या आधीच कळलेलं होतं, नवा सेल त्यांच्या खिशातच होता.

"मग तुमीच कामून लावला न्हाईत?"

"मी लावलो तर मला म्हाईत राहतंय, मीच लावलो म्हणून. तू लाव. मी तिकडं बघतो."

आणि हा पिकल्या केसांचा माणूस भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी सेल बसवला, सेटिंग केली आणि मशीन बंद केलं.

"मेन स्विच पाडून बघू का?"

"नको. लाईट आपल्या आपण जाऊ दे."

ती गेलीच. आम्ही अंधारात बसून राहिलो. बऱ्याच वेळानं लाईट आली, आणि कुणाचा हात न लागता घरघर सुरू झाली. निळा उजेड हळूहळू त्या खुर्चीवर पसरला. सेटिंग मीच केली होती, तरी माझ्या अंगावर काटा आला.

अण्णा उठले. खुर्ची थोडी मागं ओढली, माणूस बसेल इतकी.

"इतके दिवस कुठं होतीस, विचारत न्हाई," ते हळूच म्हणाले. "बस."

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू जा आता."