उत्तर येईस्तोवर

आपटे बाईंनी तुमाला काही विचारलं, की मग त्या गप होत्यात. नुसत्या गप नाय. तुमच्या तोंडाकडं बघत, पापणी न हलवता, उत्तर येईस्तोवर. माणूस घाबरतं.

एकदा शाळेसाठी मेथी आणायची होती. बाई पोरांना मेथी निवडायला बसवत्यात, बोटं तयार होत्यात म्हणत्यात. मी पिशवी धरायला संगं गेले. बिबवेवाडीत कोपऱ्यावर भाजीवाला बसतो, त्याला बाईंनी विचारलं, "मेथी कशी आहे?"

"एक नंबर, काकू. घ्या की."

बाई गप. त्याच्याकडं बघत उभ्या.

"अहो, ताजी हाय."

बाई गपच. मागं गिऱ्हाईकं जमली. एक जण म्हणला, "आजी, मुलाखत संपली की सांगा." भाजीवाल्यानं जुडी उलटी केली, सुलटी केली, पाणी मारलं. शेवटी म्हणला, "कालची हाय काकू. बास?"

"हं. आता दोन द्या," बाई म्हणल्या. लई खूश.

मी तोवर कांद्याच्या ढिगाकडं तोंड करून उभी. ह्या बाईंच्या संगं मी आलेलीच नाय, असं. लाज वाटायची मला त्यांची. बसमधी, बँकेत, दवाखान्यात, कुठंबी.

बाई बालवाडीत शिकवत्यात आणि मी तिथली मावशी. लादी पुसायची, नाकं पुसायची, बाथरूमला न्यायचं. मी जालन्याकडची. नवऱ्यासंगं पुण्याला आले, बिल्डिंगवर विटा वाहिल्या. तो तिथंच वरनं पडून गेला, मग धुणीभांडी केली. शाळा दुसरीपतोर. परत शाळेत आले ती म्हातारपणी, हातात फडकं घेऊन.

पोरांना बी बाई तसंच करत्यात. "हा दगड पाण्यात बुडाला, पान का नाही बुडालं?" असं विचारायचं आणि मांडी घालून बसायचं. तीन वर्षांचं पोर. ते छताकडं बघतंय, चड्डी वर ओढतंय, शेंबूड आत घेतंय. मला राहवायचं नाय. मी लादी पुसता पुसता म्हणायची, "सांग की रं बाळा, पान हलकं असतंय म्हणून!"

बाई माझ्याकडं वळायच्या. "मावशी, त्याचं उत्तर चोरू नका."

चोरू नका! मी कुणाचा चमचा उचलला नाय उभ्या जन्मात. कानशिलं तापायची माझी.

मग एकदा मला बाजूला बसवून त्यांनी सांगितलं. म्हणल्या, "मावशी, आपण विचारतो ते लहान मुलाला आधी ऐकू येतं. मग कळतं. मग ते आत शब्द शोधायला जातं. तिथं अंधार असतो हो, चाचपडावं लागतं. तेवढ्यात आपण वरून हाक मारतो, सांग ना, सांग ना. बिचारं अर्ध्या वाटेतून मोकळ्या हातानं परत येतं. असं चार वेळा झालं की ते जायचंच सोडून देतं."

नव्या टीचर यायच्या, कोर्स केलेल्या पोरी. त्यांना फार घाई. "से ब्लू, बेटा, ब्लू, से!" बाईंनी त्यांच्यावर उपाय काढला. प्रश्न विचारायचा आणि लगेच तोंडात पाण्याचा घोट धरायचा. पोरानं उत्तर दिलं की मग गिळायचा. टीचर गाल फुगवून बसायच्या. एकीला ठसका लागून पाणी नाकातनं आलं, पोरं टाळ्या वाजवायला लागली. नंतर बाईंनी मला बी पेला दिला. साठी उलटलेली बाई मी, गाल फुगवून लादी पुसायची. दारात पालक यायचे, आत बघायचे, एकमेकांना कोपर मारायचे. मी पदर पुढं ओढून घ्यायची.

एकदा डबा खाताना मलाच विचारलं. "मावशी, तुम्हाला लहानपणी काय आवडायचं?" आणि बसल्या बघत.

मला कुणी असं विचारलं नव्हतं. मला विचारायचे ते, झालं का, उरकलं का, एवढंच. मी आत बघितलं तर काही दिसंना. भाकरीचा घास तोंडात फिरत राहिला. रडू येईल म्हणून उठले आणि बाथरूमात जाऊन, धुतलेलीच बादली परत धुतली. बाहेर आले तर बाई तिथंच. उशिरानं म्हणलं, "झोपायला."

"हं," बाई म्हणल्या. हसल्या नायत.

त्या साली परी नावाची पोरगी होती. तिची आई महानंदा तिथल्याच सोसायटीत घरकाम करायची. नांदेडकडची माणसं. दिवाळी झाली, संक्रांत झाली, पोरीनं शाळेत तोंड उघडलं नाय. मोठ्या मॅडम म्हणल्या, "आपटे बाई, पालकसभेत सगळ्यांसमोर बोलली तर ठीक. नाहीतर आईला सांगते, पुढच्या वर्षी दुसरीकडे घाला. आपल्याला झेपायचं नाही हे."

"बोलेल," बाई म्हणल्या. "आपण थांबलं की बोलते ती."

सभेला खोली भरलेली. पोरांनी गाणी म्हणली, रंग सांगितले. मग बाई परीसमोर खाली बसल्या. "परी, आत्ता तुला काय काय दिसतंय?"

आणि गप.

पंखा फिरतोय. कुणाचा तरी मोबाईल वाजला, बंद झाला. परी बाईंच्या मांडीकडं बघतेय. मॅडम म्हणल्या, "चला, नेक्स्ट घेऊ या." बाईंनी नुसता हात वर केला. एक पप्पा मोठ्यानं म्हणले, "आमची रिक्षा थांबलीय." लोक हसले. महानंदा उभी राहिली. मान खाली, पदराचा पीळ घालत म्हणली, "राहू द्या बाई. मंद हाय ती. घरी बी मार खाती."

एवढ्या माणसांत हे बोलली ती. मला वाटलं, लादी फाटावी आणि मी आत जावं. माझ्या तोंडात पाणी, गिळता येईना, थुंकता येईना.

बाई हलल्या नायत.

"मुंगळा," परी म्हणली.

बाई गप.

"तुमच्या साडीवर हाय. वर चाललाय."

"कुठपर्यंत आला?" बाईंनी विचारलं, आणि परत बसल्या वाट बघत. मुंगळा चालतोय, पोरगी बघतेय, सगळी खोली बघतेय.

"पोटावर. आता चावंल तुमाला. झटका की, बाई!"

लोक असे हसले की रिक्षावाले पप्पा बी खाली बसले. महानंदा हसता हसता पदरानं डोळे पुसत होती. मॅडमनी पुढं परीचं नाव काढलं नाय. मुंगळा बाईंना खरंच चावला, ते त्यांनी मला नंतर मोरीत सांगितलं.

पुढच्या रविवारी चिंध्यांचं गाठोडं द्यायला मी बाईंच्या घरी गेले, सदाशिव पेठेत. पोरांसाठी बाहुल्या करायच्या होत्या. घरात बाई एकट्याच. तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, परदेशातनं. बाईंना कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्यानं लावलेला.

"आई, बोल. मजेत ना?"

"मजेत. तू बरा आहेस का रे तिकडे?"

"एकदम मस्त."

बाई गप. मला कळलं, ह्यांना ते उत्तर वाटलं नाय.

तिकडं बी गप. श्वास ऐकू येत होता त्याचा. एकदा वाटलं, आता बोलतोय. घसा साफ केला त्यानं. बाई फोनवर वाकल्या.

"हॅलो? हॅलो, आई? आवाज येत नाहीये गं तुझा. नेटवर्क गेलं वाटतं. पुढच्या रविवारी करतो."

फोन बंद झाला.

मी म्हणलं, "आजकाल नेट सारखं जातंय, बाई."

"नाही हो, मावशी. नेट चांगलं आहे."

दुसऱ्याचं उघडं अंग दिसावं तशी लाज वाटली मला. गाठोड्याची गाठ सोडली, परत बांधली.

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "मावशी, मी माणसांना फार अवघडून टाकते का हो?"

मी आत शोधायला लागले. नीट शोधून सांगणार होते. सापडत बी होतं.

"टाकते, टाकते," बाई स्वतःच म्हणल्या. "बसा, चहा टाकते."

मी तोंड उघडलं होतं. पण त्या आत गेल्या होत्या, आणि लायटर पेटत नव्हता, तो सारखा वाजवत होत्या.