क्रोम की काळं?

चामराजपेटेतल्या गुंडूअण्णांच्या हत्यारांच्या दुकानात पैसे घेऊन गेलेला माणूस रिकाम्या हातानं परत येतो. माल संपलेला नसतो. अण्णा तो देत नाहीत, एवढंच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळूरच्या गॅरेजांत बोल्ट फिरवणाऱ्या, हवेवर चालणाऱ्या गन नुकत्याच दिसू लागल्या होत्या. माझ्या खटारा गाडीच्या इंजिनामागे एक बोल्ट असा दडून बसला होता, की सरळ पाना पोचायचाच नाही. पान्याच्या टोकाला लावायचं, मान वळणारं सॉकेट हवं होतं. अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"क्रोम की काळं?"

"कुठलंही द्या हो."

"कुठलंही?" अण्णांनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा स्वल्प. हातानं फिरवणार की गननं?"

"हातानं."

"आणि मेकॅनिकनं गन लावली तर? गनच्या दणक्यानं क्रोम तडकतं, तुकडा डोळ्यात जातो. काळं दणका सोसतं, पण अंगानं जाड. बोल्टाशेजारी बोटभर जागा आहे?"

"असेल."

"असेल म्हणून कसं चालेल? बघून या."

बसवनगुडीला घरी गेलो, बॉनेट उघडलं, बोट घातलं, सोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर परत हजर.

"बोट जातं, अण्णा."

"कुणाचं? तुमचं की मेकॅनिकचं?"

मी कपाळाला हात लावला. "तुमचं कारकुनाचं बोट," अण्णा शांतपणे म्हणाले. "मेकॅनिकचं बघून या."

असं किती दिवस चाललं, विचारू नका. बायको म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून दुसरी गाडीच बनवा." बोल्ट होता तिथंच होता. अण्णांबरोबर कॉफी पिण्याची मात्र मला सवय लागली.

एका शनिवारी मी स्टुलावर बसलेलो असताना एक टेम्पोवाला धावत आला. टेम्पो रस्त्यात आडवा, मागे हॉर्नचा गोंगाट. अण्णांनी त्याला गाडी कुठली आणि बोल्ट कुठला तेवढं विचारलं, मागे न बघता फळीवर हात घातला आणि काळं सॉकेट काढून दिलं. "सरी, ठीक आहे, हे बसेल."

माझं डोकंच फिरलं. "त्याला लगेच देता, आणि मला बोटं मोजायला लावता?"

"त्याला घाई होती."

"मग मला कुठलं लागतं, तेही तुम्हाला माहीत असणार."

अण्णा बराच वेळ फडक्यानं काउंटर पुसत राहिले. मग म्हणाले, "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. क्रोम."

मी कॉफीचा पेला खाली ठेवला.

"पूर्वी मीही पटापट द्यायचो. आमची थोरली बहीण, अक्का, आत असायची. दुपारी दुकान मिटलं की दोघं जेवायला पान मांडून बसायचो. आता ती नाही. वस्तू दिली की माणूस जातो. मग रात्रीपर्यंत मी कुणाशी बोलू?"

त्यांनी क्रोमचं सॉकेट काढून माझ्यापुढे ठेवलं. "घेऊन जा. उगाच खेटे घालायला लावले तुम्हाला."

मी ते उचललं. मान इकडेतिकडे वळवून पाहिली. चांगलं होतं. हे खिशात टाकलं की माझं इथलं काम संपलं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी सॉकेट परत काउंटरवर ठेवलं.

"मेकॅनिकचं बोट राहिलंय अजून," मी म्हटलं. "बघून येतो."

अण्णांनी सॉकेट फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. मी पायरी उतरलो तेव्हा मागून आवाज आला.

"उद्या या. जेवायच्या वेळेला या."