दीडपट दाबाची चाचणी

बेडरूममधल्या कपाटासमोर एक मोठी बॅग उघडी पडलेली होती, आणि साहेब तिच्याकडे दारातूनच बारकाईने पाहत होते. बॅगेला हात लावण्याचा त्यांचा विचार नव्हता. उभी हयात त्यांनी कारखान्यांतले बॉयलर तपासण्यात घालवली होती, आणि झाकण उघडण्यापूर्वी बाहेरून जेवढे कळेल तेवढे कळून घ्यावे, ही त्या नोकरीची शिकवण निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

बाहेरून कळले ते असे. बॅग घरातली सर्वांत मोठी होती. ती दोन-चार दिवसांच्या प्रवासासाठी कुणी काढत नसे. सकाळी बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्यांना सहज आवाजात विचारले होते, "दुपारची बस अजून सुटते का हो?" आणि आता स्वयंपाकघरातून बाईंचा फोनवरचा आवाज येत होता. पलीकडे बाईंची थोरली बहीण, आक्का, असणार.

"मागची खोली रिकामी करून ठेव, आक्का. आता तिकडेच राहायचं, चार दिवसांची पाहुणकी नाही. ... नाही, यांना अजून काही बोलले नाही. ... हो, उद्या दुपारच्याच बसने."

साहेब हलक्या पावलांनी हॉलमध्ये येऊन बसले. बॅग, बस, मागची खोली आणि 'यांना बोलले नाही', एवढ्या चार गोष्टींवरून निघणारा निष्कर्ष एकच होता. शिवण शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या गावात येऊन वर्ग काढावा, असा आग्रह आक्कांनी गेली दोन वर्षे धरला होता. बाईंनी तो अखेर मान्य केला होता.

सोफ्याच्या मधल्या जागेवर बसलेला मेहुणा क्लॅरिनेटची जीभ पुसत होता. तो बाईंचा धाकटा भाऊ. लग्नाच्या बँडमध्ये वाजवण्यात जन्म गेला, स्वतःच्या लग्नाचे मात्र राहून गेले. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आला तो डोळा बरा होऊनही राहिला होता. सोफ्याची मधली जागा त्याला मानवली होती, त्यामुळे संध्याकाळी साहेब एका टोकाला, बाई दुसऱ्या टोकाला आणि मध्ये क्लॅरिनेट, अशी त्या घरातली बैठक ठरून गेलेली होती.

"काय भावजी, तोंड का उतरलं?"

"काही नाही," साहेब म्हणाले. "उद्या तो प्रेमाचा दिवस आहे ना?"

"आहे. दुकानादुकानांत लाल फुगे टांगलेत. पण तुम्हाला काय त्याचं?"

साहेबांना त्याचे आजवर खरोखरच काही नव्हते. पण 'जाऊ नकोस' हे दोन शब्द एरवी बोलायचे तर माणसाने ते कोणत्या निमित्ताने बोलावेत, हे त्यांना उमगत नव्हते. उद्याचा दिवस निमित्त म्हणून आयताच समोर आलेला होता. त्यांनी गच्चीवर जाऊन दुसऱ्या गावी नोकरी करणाऱ्या मुलीला फोन लावला.

"जोडपी या दिवशी नेमकं काय करतात?"

"बाबा, तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे. माहिती हवी आहे."

"मेणबत्त्या लावून जेवतात. फुलं देतात. नाचतात. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे मनातलं बोलतात. हे शेवटचं तुम्हाला जड जाईल."

"का?"

"आई म्हणते, तुमच्या मनातलं कळायला झडप उघडावी लागते."

साहेबांनी ही टीका तांत्रिकदृष्ट्या योग्य असल्याची मनोमन नोंद घेतली आणि ते कामाला लागले.

त्यांची कामाची पद्धत अशी, की चाचणी झाल्याखेरीज कोणतीही गोष्ट वापरात आणायची नाही. नवा बॉयलर चालू करण्यापूर्वी त्यात पाणी भरून, रोजच्या दाबाच्या दीडपट दाब चढवून तो तसाच धरून ठेवतात. दीडपटीला जो गळला नाही, तो रोजच्या दाबाला दगा देत नाही. याच न्यायाने साहेबांनी घरातला पंखा, पाहुण्यांची खाट आणि मुलीच्या लग्नातला मांडवही तपासला होता. मांडवाच्या खांबाला ते स्वतः लोंबकळल्याची हकीकत व्याही अजून सांगत असत. उद्याची संधी एकच होती आणि ती वाया गेली तर बाई बसमध्ये बसणार होत्या. अशी गोष्ट चाचणीशिवाय करणे साहेबांना शक्यच नव्हते.

दुपारी बाई शिवणवर्गाला गेल्या आणि साहेबांनी हॉलचे पडदे ओढले.

"तू तिकडे बस," त्यांनी मेहुण्याला टेबलापाशी खुर्ची दाखवली. "उद्या तुझ्या बहिणीसाठी जेवण आहे. आज टेबलाची चाचणी."

"मग मी कशाला? टेबल तर रिकामंही उभं राहतं."

"बसलेल्या माणसासकट तपासायचं आहे. आणि तिची शाल घे अंगावर. तिच्या झालरीला मेणबत्ती लागते का, ते बघायचं."

मेहुणा स्वभावाने गरीब होता. त्याने शाल पांघरली. उद्या चार मेणबत्त्या लावायच्या होत्या, म्हणून आज सहा लागल्या. सुपातली मिरपूडही दीडपट पडली. पहिला घोट घेताच मेहुण्याच्या बऱ्या झालेल्या डोळ्यातून पाणी आले आणि न बिघडलेल्या डोळ्याने त्याला साथ दिली.

"भावजी, हे ताईला पाजणार?"

"तिला कमी. तुला टिकलं म्हणजे झालं."

पुढची बाब नाचाची होती. संगीताची सोय मेहुण्याच्या हातातच होती, पण क्लॅरिनेट वाजवणारा माणूस जोडीदार म्हणून नाचू शकत नाही, ही अडचण ऐन वेळी लक्षात आली. तेव्हा मेहुण्याने तोंडाने बँडची चाल धरली आणि दोघे टेबलाभोवती फिरू लागले. उद्याची चाल संथ असणार होती. आजची तिच्या दीडपट.

खालच्या मजल्यावर निवृत्त नर्सबाई राहत. छतातून येणारी धडधड त्यांनी काही काळ सोसली, आणि मग कुतूहल अनावर होऊन त्या वर आल्या. दार लोटलेलेच होते. भर दुपारी अंधाऱ्या खोलीत सहा मेणबत्त्या, लाल डोळ्यांचा, शाल पांघरलेला मेहुणा आणि त्याचा हात धरून धापा टाकणारे साहेब, असे दृश्य त्यांना दिसले.

"कुणाला बरं नाही का?" त्यांनी सवयीने विचारले.

"चाचणी चालू आहे," साहेब म्हणाले.

"कसली?"

"ते उद्या कळेल."

नर्सबाईंनी दार हळूच ओढून घेतले. मात्र जिन्यावरून खाली उतरायला त्यांना बराच वेळ लागला.

आता मुख्य बाब उरली होती. साहेबांनी मेहुण्याला खुर्चीवर बसवले. पुढे येणाऱ्या वाक्याची त्याला आगाऊ कल्पना देणे शक्य नव्हते. बहीण जाते आहे हे साहेबांना कळले आहे, अशी बातमी भावाकडून बहिणीकडे पोहोचायला कितीसा वेळ लागणार? म्हणून त्यांनी काहीच प्रस्तावना केली नाही. त्याचा हात हातात घेतला, घसा साफ केला, शालीच्या झालरीवर नजर रोखली, बाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि दाब चढवला.

"तू जाऊ नकोस," ते म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला आणि मधेच कापला. "मला बोलता येत नाही, म्हणून मला काही वाटत नाही असं नाही. तुझ्याशिवाय हे घर मला खायला उठेल. सकाळचा चहा कुणासमोर बसून प्यायचा? जे काही माझं चुकलं असेल ते सांग, मी दुरुस्त करतो. पण जाऊ नकोस."

मेहुण्याचा खालचा ओठ थरथरला. त्याने शालीचे टोक डोळ्यांना लावले, आणि या वेळी मिरपुडीचा काही संबंध नव्हता.

"नाही जात, भावजी," तो हुंदका आवरत म्हणाला. "कुठ्ठे नाही जात."

साहेबांनी समाधानाने मान हलवली. मेहुण्याने बहिणीची भूमिका इतकी मन लावून वठवावी, याचे त्यांना कौतुक वाटले. वाक्य टिकले होते, कुठेही गळती नव्हती. त्यांनी फुंकर मारून मेणबत्त्या विझवल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी बाई आवरून येतात तो हॉलचे पडदे ओढलेले, टेबलावर चार मेणबत्त्या, एका पेल्यात फुले आणि सुपाचे भांडे. तीन खुर्च्या होत्या. साहेबांनी दोनच मांडल्या होत्या, तिसरी मेहुण्याने, अंगावर कालचीच शाल घेऊन, आपली आपण ओढली होती.

"हे काय हो?" बाईंनी विचारले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य होते आणि त्यामागे लपवलेले हसूही होते. "नर्सबाई काल जिन्यात मला अडवून म्हणाल्या, तुमच्याकडे काहीतरी चाललंय, पण काय ते मला विचारू नका. ते हेच का?"

"बस ना," साहेब म्हणाले.

"बसते, पण आटपा. बस चुकेल."

सूप संपेपर्यंत साहेबांनी मेहुणा उठण्याची वाट पाहिली. मेहुणा उठला नाही, उलट त्याने आणखी वाढून घेतले. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. थांबण्यात अर्थ नव्हता. साहेबांनी घसा साफ केला, कालच्या सवयीने मेहुण्याच्या शालीच्या झालरीवर नजर रोखली.

"तू..."

मेहुण्याने चटकन त्यांच्या हातावर हात ठेवला. "पुन्हा नका, भावजी. काल बोललात तेवढं मला जन्मभर पुरेल." मग तो बहिणीकडे वळला. "ताई, मी नाही येत. आक्काला कळव. भावजींनी मला जाऊ नकोस म्हटलं."

बाईंचा चमचा वाडग्यात पडला. "कुणी म्हटलं?"

"भावजींनी. माझा हात हातात घेऊन. मला वाटायचं, मी जातोय कळलं तर हे खूश होतील, म्हणून तर मी तुला सांगू नको म्हटलेलं. आणि इथे बघ, माणूस रडवेला झाला होता."

बाईंनी साहेबांकडे पाहिले. "तुम्ही म्हणालात? याला?"

"म्हणजे... म्हणालो," साहेब म्हणाले. नाही म्हणावे तर मेहुण्याचा चेहरा समोर होता. "पण तो जाणार होता कुठे?"

"आक्काकडे. कायमचा. मी नुसती सोडायला जाणार होते, संध्याकाळी परत."

"मग ती बॅग?"

"त्याचीच. कपडे नि एवढी वाद्यं कशात घालणार?"

साहेब उठले आणि पाणी आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेले. बाई जात नव्हत्या. कधी जाणारच नव्हत्या. त्यांनी ओट्याला धरून मोठा श्वास सोडला. बाई मागोमाग आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतले.

"सहा महिने आक्काच्या विनवण्या करत होते मी," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "म्हटलं, या दिवशी संध्याकाळी घरी यावं तर घरात तुम्ही नि मी. सोफ्याची मधली जागा रिकामी. हीच माझी भेट होती तुम्हाला. आणि तुम्ही त्याला हाताला धरून थांबवलंत?"

"ते वाक्य तुझं होतं."

"माझं?"

"तू चालली आहेस असं मला वाटलं. शिवणवर्ग काढायला."

"मग मला विचारायचं नाही?"

सगळ्या गोष्टींची चाचणी घेणाऱ्या साहेबांनी ही एकच गोष्ट तपासली नव्हती. बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्यांचा राग ओसरत होता आणि त्याची जागा कुतूहल घेत होते.

"माझं वाक्य मग त्याला कशाला दिलंत?"

"चाचणीला."

"दीडपट?"

"दीडपट."

"अरे देवा," बाई म्हणाल्या. "मग तो कसला जातोय."

दाराच्या फटीतून हॉल दिसत होता. मेहुण्याने बॅग आणून सोफ्यावर पालथी केली होती आणि गुणगुणत एकेक शर्ट घडी करून ठेवत होता. त्याच्या अंगावर अजून तीच शाल होती. दोघांनीही ते दृश्य पाहिले.

"सांगायचं त्याला खरं?" साहेबांनी विचारले.

"तुम्ही सांगा."

"तू सांग. तुझा भाऊ आहे."

"थांबवलंय तुम्ही."

कुणीच काही सांगितले नाही. बाहेर क्लॅरिनेट सुरू झाले. वरात दारात आल्यावर वाजवतात तशी चाल होती. बाईंनी कमरेला खोचलेली पर्स उघडली आणि आतली तिकिटे पाहिली.

"दोन आहेत," त्या म्हणाल्या. "परत करायला वेळ नाही."

"मग?"

"मग काय? चपला घाला. जाताना दोन तास, येताना दोन. घर सांभाळायला माणूस आहेच."

"आक्काला काय सांगशील?"

"सांगेन, माल बदलून आलाय. चहा पाज आणि परत पाठव."

बस अर्धी रिकामी होती. साहेब मेहुण्याच्या जागेवर बसले. खिडकीची काच सरकते की नाही हे त्यांनी दोनदा सरकवून पाहिले. बाईंनी त्यांना ते करू दिले. गाव मागे पडल्यावर त्या पुढे बघतच म्हणाल्या, "म्हणा आता."

"काय?"

"माझं वाक्य."

"पण तू जाणारच नव्हतीस. मग त्याची गरज..."

"काल एका माणसाला ते ऐकायला मिळालंय. मला नुसती बातमी मिळाली."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिले. पुढच्या बाकावरचे गृहस्थ थांबा जवळ आला म्हणून पिशवी घेऊन उठत होते. साहेब बाईंच्या कानाशी झुकले आणि रोजच्या दाबाला, अगदी हळू, सारे वाक्य चहासकट म्हणाले.

बाई पदराने नाक पुसून म्हणाल्या, "इंजिनच्या आवाजात नीटसं कळलं नाही. दाब जरा वाढवा."

साहेबांनी घसा साफ केला आणि दाब चढवला. "तू जाऊ नकोस!"

पुढच्या बाकाजवळ उभे असलेले गृहस्थ क्षणभर घुटमळले, आणि पिशवी मांडीवर घेऊन मुकाट्याने परत खाली बसले.